मे महिन्यातले गाव कोणाचे?

मे महिन्यातील एखाद्या शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास कोकण किनाऱ्यावरील कोणत्याही नावाजलेल्या गावाच्या फाट्यावर उभे राहिले, तर एकच दृश्य दिसते. माडांच्या बागांमधून गेलेल्या अरुंद रस्त्यावर एस.टी.ची गाडी अडकून पडली आहे. समोरून मुंबई-पुण्याच्या मोटारींची रांग आली आहे, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे आहेत आणि मागे सरायला कोणालाच जागा नाही. एस.टी.त तालुक्याच्या बाजाराला निघालेल्या बाया आहेत, सरकारी दवाखान्यात जाणारे म्हातारे आहेत, लग्नाचे वऱ्हाड आहे. मोटारींत वर्षभर राबून चार दिवसांची सवड काढलेली कुटुंबे आहेत. दोन्हीकडची माणसे घामाघूम झाली आहेत आणि एकमेकांना दोष देत आहेत. दिवेआगर, आंजर्ले, गुहागर, तारकर्ली, देवबाग, गावाचे नाव बदलले तरी देखावा तोच.

या गर्दीविषयी दोन मते नेहमी ऐकू येतात. शहरातील सुसंस्कृत म्हणविणारा वर्ग म्हणतो की पर्यटकांनी कोकण घाण केले, गावाचे गावपण टिकले पाहिजे. सरकारी पत्रके म्हणतात की पर्यटनाने कोकणाचे भाग्य उजळले आणि गर्दी जितकी अधिक तितका विकास अधिक. पहिल्या मतात गावकऱ्याच्या पोटाचा विचार नाही. दुसऱ्यात त्याच्या विहिरीचा नाही. समाजवादी कार्यकर्त्याला यांपैकी कोणाच्याही मागे जाण्याचे कारण नाही. त्याने विचारावयाचा प्रश्न साधा आहे. या सहा-सात आठवड्यांत गावात येणारा पैसा कोणाच्या हाती पडतो, त्यापायी गावाचे जे खर्ची पडते ते कोण भरतो, आणि या साऱ्या व्यवहारात गावाला गाव म्हणून काही बोलण्याचा अधिकार आहे की नाही?

प्रथम पर्यटकाविषयी. त्याला हिणवणे सोपे आहे, आणि ते चूक आहे. पगारी रजा ही मालकांची मेहेरबानी नव्हे. १९३६ साली फ्रान्समध्ये लेऑं ब्लूम यांच्या लोकआघाडी सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी सुटी दिली. भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस या हिशेबाने पगारी रजा मिळाली. हे सारे कामगार चळवळीने झगडून मिळविलेले आहे. एस.टी.चा ‘आवडेल तेथे प्रवास’चा पास काढून मुलाबाळांसह गणपतीपुळ्याला जाणारा कारकून किंवा शिक्षक हा त्या हक्काचाच वापर करीत असतो, आणि समुद्र पाहण्याची हौस ही धनिकांची मिरासदारी असण्याचे काही कारण नाही. खेद असलाच तर तो वेगळा आहे. ज्यांना पगारी रजा कधी मिळालीच नाही ते असंघटित कामगार या मोटारींच्या रांगेत नसतात. ते हॉटेलच्या मोरीत भांडी घासताना दिसतात.

शिवाय मे महिन्यातली गर्दी कोकणाला नवी नाही. मुंबईच्या गिरणीत, गोदीत, कचेरीत राबणारा चाकरमानी पिढ्यान्‌पिढ्या मे महिन्यातच गावी येत आला. घरात माणसे मावत नसत, पडवीत आणि अंगणात पथाऱ्या पडत. पण त्या चाकरमान्याला आपल्या विहिरीचा तळ माहीत होता. रहाटाचा दोर किती हात सोडावा लागतो यावरून तो आंघोळीचे पाणी ठरवी. परत जाताना फणसाचे गरे आणि कोकमे नेई, आणि पुढल्या महिन्यात मनिऑर्डर पाठवी. आजचा पाहुणा मनिऑर्डरऐवजी रोख देतो. मात्र विहिरीचा तळ त्याला दिसत नाही. तो दिसू नये अशीच व्यवस्था केलेली असते. नळ सोडला की पाणी येते आणि टाकी कोठे आहे हे त्याला कोणी सांगत नाही.

हा रोख पैसा कोकणाला हवासा का वाटला, हेही समजून घेतले पाहिजे. खोतीच्या जाचाखाली दबलेला हा प्रदेश. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. त्याच्या चार वर्षे आधी, १९३३ साली, अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांचा संप सुरू झाला होता. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तो १९३९ पर्यंत चालला. पुढे १९४८ चा कूळकायदा आला, खोतीही कायद्याने गेली. जमीन कुळाला मिळाली, पण तुकड्यातुकड्याने मिळाली आणि तिच्यावर घर चालेना. घर चालले ते मुंबईच्या पगारावर. १९८२ च्या गिरणी संपानंतर तोही आधार तुटला आणि हजारो कामगार रिकाम्या हातांनी गावी परतले. बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांनी ज्या कोकण रेल्वेसाठी लोकसभेत आवाज उठविला ती १९९८ साली पूर्ण धावू लागली. त्याच्या आदल्या वर्षी, १९९७ मध्ये, सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला होता. गिरणी गेली, शेती पुरत नाही, मासळी घटते आहे. अशा वेळी दारात आलेल्या पाहुण्याला खोली देणे हा कोणाचा लोभ नव्हता. घर चालविण्याचा तो एक मार्ग होता.

तथापि उत्पन्न आणि नफा यांत फरक असतो. किनाऱ्याजवळच्या एखाद्या घराचा हिशेब मांडून पाहावा. परसात चार खोल्या बांधण्यासाठी कर्ज काढलेले असते. त्याचे हप्ते बारा महिने भरावयाचे असतात. खोल्या भरतात त्या मे महिन्यात, दिवाळीत, नाताळच्या आठवड्यात आणि काही शनिवार-रविवारी. पाहुणा थेट येत नाही, शहरातील आरक्षण कंपनीमार्फत येतो, आणि ती आपले कमिशन आधीच कापून घेते. उरलेल्या रकमेतून किराणा, वीज, पाणी, मासळी यांचा खर्च वजा जाता जी शिल्लक दिसते तिला घरधनी नफा म्हणतो. वास्तविक ती बहुतांशी मजुरी असते, आणि तीही घरातल्या बाईची. पहाटे पाचला उठून वीस माणसांचा नाश्ता, दुपारी मासे साफ करून थाळ्या, सोलकढीसाठी नारळ खवणे, संध्याकाळी सांगून ठेवलेले उकडीचे मोदक, रात्री चादरी धुणे. या कामाला बाहेरची बाई लावली आणि तिला किमान वेतन दिले, तर कित्येक घरांचा नफा जागच्या जागी नाहीसा होईल. कोकणातील घरगुती पर्यटन स्वस्त आहे ते या न दिलेल्या वेतनामुळे. या बायांची बाजू घेऊन बोलणारी संघटना फारशी कोठे दिसत नाही; ‘घरचेच काम’ म्हणून ते मोजलेच जात नाही.

आता पाण्याकडे वळावे, कारण खरे मर्म तेथे आहे. कोकणात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पण जांभा दगड सच्छिद्र आहे, उतार तीव्र आहे, आणि पडलेले पाणी बघता बघता समुद्राला मिळते. मार्चपासून विहिरी खाली जाऊ लागतात आणि मे महिन्यात सड्यावरच्या वाड्यांना टँकर लागतो. नेमक्या याच महिन्यात पाहुणे येतात. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण माणसाला दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण ठरविले. भारतीय मानक संस्थेच्या जुन्या मानकात हॉटेलातील एका खाटेमागे १८० लिटर धरलेले आहेत. म्हणजे एका देशात, एका गावात, एका विहिरीवर दोन प्रकारची माणसे कागदोपत्रीच मान्य केलेली आहेत. उदाहरणादाखल दोन हजार वस्तीचे गाव घेतले, तर त्याची रोजची गरज एक लाख दहा हजार लिटर. त्या गावात पाचशे पाहुणे मुक्कामाला आले की या मानकाप्रमाणे आणखी नव्वद हजार लिटर लागतात. लोकसंख्या चौथ्या हिश्श्याने वाढली आणि पाण्याची मागणी जवळजवळ दुप्पट झाली. पोहण्याचे तलाव यात धरलेले नाहीत.

नळयोजना दोन हजार माणसांसाठी आखलेली असते. पाहुण्यांचे नव्वद हजार लिटर मग कूपनलिकेतून येतात. किनाऱ्यालगत उपसा वाढला की गोड्या पाण्याची पातळी खाली जाते आणि खारे पाणी आत शिरते. ज्याच्यापाशी मोठा पंप आणि खोल कूपनलिका आहे तो आणखी खोल जातो; शेजाऱ्याची उथळ विहीर मचूळ होते. संडासांचे शोषखड्डे त्याच सच्छिद्र जांभ्यात खणलेले असतात, म्हणून मैल्याचे पाणी झिरपून विहिरीपर्यंत पोहोचण्याचे भय असतेच. पाहुण्याच्या बिलात खोलीचे भाडे असते, थाळीची किंमत असते. शेजाऱ्याच्या बिघडलेल्या विहिरीचा आकडा त्यात नसतो. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. ज्या बाईला दोन हंडे घेऊन सड्यावर चढावे लागते तिच्या लेखी त्यात बाह्य असे काही नाही.

एकाच गावातील दोन वाड्यांचे चित्र येथे डोळ्यांसमोर आणावे. खाली समुद्रालगत, रस्त्याला लागून ज्यांची घरे आहेत आणि ज्यांच्या नावावर सातबारा आहे त्यांच्या खोल्या भरतात. वर सड्यावरची कुणब्यांची वाडी, गावाबाहेरची बौद्धवाडी, डोंगरातला धनगरवाडा येथे पाहुणा पोहोचत नाही. तेथील मुलगे-मुली खाली हंगामी कामाला येतात आणि जूनचा पहिला पाऊस पडला की घरी बसतात. पण सुरमई-पापलेट महागल्याची झळ त्यांनाही लागते, कारण मासळी बाजारात येण्याआधीच थाळीसाठी उचलली जाते. गावाची सरासरी भरभराट सांगणाऱ्या आकड्यात या वाड्या बुडून जातात.

किनाऱ्याची गोष्टही पाण्यासारखीच आहे, आणि ती अधिक दुःखद आहे. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ही मासेमारीची जुनी पद्धत. होडीतून अर्धवर्तुळाकार जाळे समुद्रात सोडावयाचे आणि दोन्ही टोके धरून कित्येक माणसांनी ते वाळूवर ओढावयाचे. जाळे रापणसंघाचे, मासळीत ओढणाऱ्याचा वाटा. सहकाराचा कायदा होण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेला हा सहकार आहे, आणि त्याचे कौतुक समाजवाद्यांनी करावे तेवढे केलेले नाही. रापणीला लांबच लांब मोकळा किनारा लागतो. पर्ससीन जाळ्यांनी मासळीचे थवेच्या थवे उपसल्यावर रापणीच्या वाट्याला फारसे काही येईना. राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी गेलेले दिवस परतले नाहीत. मग त्याच रापणकरांच्या मुलांनी होड्या पर्यटकांच्या फेऱ्यांना लावल्या, कोणी पाण्याखालची सृष्टी दाखवू लागले, कोणी घराच्या खोल्या दिल्या. त्यांनी वेगळे काय करावयास हवे होते, असे विचारण्याचा अधिकार शहरात बसलेल्यांना नाही. मात्र एक फरक नजरेआड होऊ नये. रापणीचा वाटा सर्वांना मिळत असे. बोटीच्या फेरीचे भाडे ज्याची बोट त्याला. एकेकाळी ज्या वाळूवर सर्वांचा हक्क होता तेथे खुर्च्या, छत्र्या आणि दोर लागले. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. अशा दुर्घटनेनंतर चौकशीच्या घोषणा होतात. हंगामाच्या आधी बोटी तपासण्याचे आणि किनाऱ्यावर पुरेसे जीवरक्षक नेमण्याचे काम मात्र ऐन गर्दीपर्यंत ढकलले जाते.

आणि जमीन. कूळकायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. कायद्याला वाटा किती फुटतात हे कोकणात कोणत्याही चहाच्या टपरीवर कळते. चरीच्या शेतकऱ्यांनी ज्या अलिबाग तालुक्यात सहा वर्षे जमिनी ओसाड ठेवून खोतांशी झुंज दिली, तेथे आता गुंठ्याचे भाव बोलले जातात, आणि जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यावर ते बोलणे अधिक चढ्या आवाजात होऊ लागले. जमीन विकली जाते तेव्हा तिच्यावरून गेलेली पाखाडीही पुष्कळदा कुंपणात जाते. मग विहिरीची वाट किंवा होडी लावण्याच्या जागेची वाट बंद होते. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत स्थानिकांनी आपल्या जुन्या घराच्या जोत्यात बदल न करता पाहुणे ठेवावेत अशी मुभा आहे. ती योग्यच आहे. पण त्याच अधिसूचनेने भरतीरेषेपासून दहा मीटरांवर तात्पुरत्या पर्यटन सोयींनाही वाट दिली. ‘तात्पुरते’ या शब्दाचा अर्थ लावण्याचे सामर्थ्य गावात कोणापाशी असते, हे सांगण्याची गरज नाही.

आता यात गावाचा अधिकार कोठे आहे? ७३ व्या घटनादुरुस्तीने अकरावी अनुसूची आणली. पंचायतींकडे सोपवावयाचे २९ विषय तीत आहेत. त्यात पिण्याचे पाणी आहे, आरोग्य व स्वच्छता आहे, बाजार व जत्रा आहेत. पर्यटन नाही. म्हणजे पाहुणे आणण्याची योजना मुंबईत ठरणार, आणि त्यांना लागणारे पाणी देणे व त्यांचा कचरा उचलणे ही ग्रामपंचायतीची जबाबदारी. पैशाचेही तेच. खोलीभाड्यावरील वस्तू व सेवा कर केंद्र आणि राज्य वाटून घेतात. महाबळेश्वर, माथेरान येथील नगरपरिषदा पर्यटकांकडून कर घेतात. त्याने कोणाची सहल रद्द झाल्याचे ऐकिवात नाही. ग्रामपंचायतींनाही १९५८ च्या अधिनियमात यात्राकराची तरतूद आहे आणि काही गावांनी स्वच्छता शुल्क घेण्यास सुरुवातही केली आहे. पण बहुतेक ठिकाणी सरपंच घरपट्टीच्या वसुलीवरच गाडा हाकतो. गावात लाखोंची उलाढाल होत असताना पंचायतीपाशी कचरागाडीच्या डिझेलला पैसे नसावेत, आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या व्हाळात पडून पहिल्या पावसाबरोबर समुद्रात जाव्यात, यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही.

यावर एक आक्षेप हमखास येईल: कर लावा, मर्यादा घाला, म्हणजे पाहुणा शेजारच्या गावाला जाईल किंवा सरळ गोव्याला जाईल. आक्षेप पोकळ नाही. एकेका गावाने एकेकट्याने नियम केले तर तसेच होईल, आणि म्हणूनच किनाऱ्यावरील गावांनी तालुक्याच्या पातळीवर एकत्र बसून एकच दर आणि एकच नियम ठरविणे अगत्याचे आहे. गोव्याचे म्हणाल तर तेथेही १९८० च्या दशकात ‘जागृत गोंयकारांची फौज’ याच प्रश्नांवर रस्त्यावर आली होती. मर्यादा घालता येते हे तामिळनाडूत दिसले. उटी आणि कोडाईकनालला जाणाऱ्या वाहनांना मे २०२४ पासून ई-पास सक्तीचा झाला, आणि एप्रिल २०२५ पासून हंगामात रोज किती वाहने सोडावीत यालाही हद्द आली. ती मद्रास उच्च न्यायालयाने घातली. जे तेथे न्यायाधीशांना करावे लागले ते कोकणात ग्रामसभांनी केले तर ते अधिक शोभून दिसेल. मंडणगड तालुक्यातील वेळास गावात कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहावयास लोक येतात, गावकऱ्यांच्या घरात राहतात आणि घरचे जेवतात. पाहण्याची शिस्त पाळावी लागते, तरी लोक येतातच. अर्थात प्रत्येक गावात कासवे नाहीत.

कार्यकर्त्यांनी करावयाची कामे यातूनच निघतात. गावातील विहिरींची मार्च ते जूनमधील पातळी दर पंधरवड्याला लिहून ठेवणे हे पहिले काम; त्याला एक दोरी, एक वही आणि एक शाळकरी मुलगा पुरतो. कोणाच्या किती खोल्या, किती कूपनलिका, याची यादी त्याच वहीत व्हावी. टँकर आधी सड्यावरच्या वाडीला आणि मग खाली, हा क्रम लेखी ठरावा. वाहनांसाठी फाट्यावर गावाच्या मालकीचा तळ असावा, आणि त्याचे शुल्क पंचायतीत जमा व्हावे. किनाऱ्याचा अमुक पट्टा रापणीसाठी आणि होड्यांसाठी राखीव, हे फलकावर लिहिलेले असावे. हंगामी कामगारांची आणि खानावळीतल्या बायांची नोंद व्हावी. या गोष्टींना मुंबईची परवानगी येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. काही ठराव वर अडकतील, त्या वेळी भांडावे लागेल.

राहिला प्रश्न हे ठराव कधी करावयाचे. प्रथेने ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरते. १ मे हा कामगारांचा दिवस, महाराष्ट्राचा दिवस आणि सिंधुदुर्ग जिल्ह्याचा जन्मदिवस; पण त्या दिवशी किनाऱ्यावरच्या गावात प्रत्येक घरी पाहुण्यांची जेवणे असतात. पंधरा टक्के किंवा शंभर मतदारांची गणसंख्या भरत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट नसल्याने पुढे चार माणसे सह्या करतात. ऑगस्टमध्ये आणि ऑक्टोबरात विहिरी तुडुंब असतात, तेव्हा पाण्याचा विषय कोणी काढीत नाही. २६ जानेवारीला मात्र विहिरी उतरणीला लागलेल्या असतात, मे महिन्याचे आरक्षण नुकते सुरू झालेले असते आणि बायांना दुपारी तासभर सवड मिळू शकते. तेव्हा वहीतले आकडे घेऊन त्या सभेला जावे, आणि सड्यावरच्या वाडीतल्या लोकांना खाली येण्यासाठी गाडीची सोय आधी करून ठेवावी.